इस्तावा : एका विसरलेल्या शब्दाची गोष्ट

‘इस्तावा’ हा शब्द कुणी ऐकलाय का? आमच्याकडे तरी आता कुणी बोलताना वापरत नाही. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं आणि सासर बारामती तालुक्यातलं. बारामती म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कालवा आणि ऊस येतो, पण आमचं सासर त्यातलं नाही हो! आम्ही सुप्याच्या अंगाचे, म्हणजे जिरायती. बाजरी, ज्वारी आणि आभाळाकडे बघणं.

दोन्ही घरांत एक वाद मात्र सारखाच. कुठलंही कार्य असो, पंगत उठली, पानसुपारी झाली की कुणीतरी सुरू करतंच, ‘शेतकऱ्याला सवलती देऊन देऊन बिघडवलाय.’ मग दुसरा उसळतो, आणि चहा येईपर्यंत हे चालतं. मी या वादात फारशी पडत नाही. (पडले तरी ऐकतंय कोण!) पण गेली काही वर्षं पेपरात जे वाचतेय त्यामुळे हा वाद डोक्यातून जात नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या गव्हाच्या शेतांत सुरुंग पेरले गेले. २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. बातमी लढाईपाशी थांबते. माझ्यासारखीला पुढचा प्रश्न पडतो. लढाई संपल्यावर माणूस परत शेतात कसा उभा राहतो? बैल नाहीत, बी नाही, विहीर बुजलेली, शेजारी परागंदा. त्याला काय दिलं म्हणजे तो पेरतो?

याचं उत्तर शोधायला मला आपल्या दोन तालुक्यांच्या बाहेर जावं लागलं नाही. आपली जमीन गेल्या चारशे वर्षांत निदान दोनदा ओस पडलीय आणि पुन्हा वसलीय. ते कसं, एवढंच आज सांगायचंय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट शहाजीराजांच्या जहागिरीची. पुणे, सुपे, इंदापूर हा सगळा मुलूख त्यात होता. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवला, हे आपण चौथीत शिकलो. त्याच वेळी १६३० ते १६३२ असा दख्खनचा भयंकर दुष्काळ पडला, हे चौथीत तेवढं ठसत नाही. एकीकडे फौजा, दुसरीकडे पाऊस नाही. जुन्या कागदांत अशा गावांना ‘बेचिराग’ म्हणत. बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. आपला ‘बेचिराख’ त्यातूनच आला. त्यात राखेचा काही संबंध नाही, दिव्याचा आहे.

पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी पुण्यात राहायला आले, दादोजी कोंडदेव कारभार पाहू लागले. (दादोजींवरून आपल्याकडे काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्या वादात शिरायचं नाही, मला कारभारात रस आहे.) सोन्याच्या फाळाच्या नांगराने पुण्याची जमीन नांगरली असं सांगतात. ते चित्र आपल्या सगळ्यांच्या मनात पक्कं आहे. पण जमीन काही सोन्याच्या फाळाने पिकली नाही. जुन्या शकावलीत दोन साध्या गोष्टी नोंदल्या आहेत. एक, गावं ओस पडून रान माजलं होतं, लांडगे झाले होते. लांडगे मारणाऱ्यांना इनाम देऊन ते कमी केले. दुसरी, पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला पहिल्या वर्षी अगदी नाममात्र सारा, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत नेऊन काही वर्षांनी मलिक अंबराच्या वेळचा पुरा धारा.

हाच इस्तावा! चढता सारा. सरकार शेतकऱ्याला लेखी कौल देतं की तू ये, जमीन कस, पहिली वर्षं मी तुझ्याकडे जवळजवळ काही मागणार नाही. पुढे किती मागेन तेही आजच लिहून देतो. ‘कौल’ शब्द आता आपण निवडणुकीत वापरतो. तेव्हा त्याचा अर्थ अभयवचन असा होता.

आता बघा, यात फुकट काही नाही. सरकार आपला सारा सोडत नाही, फक्त थांबतं. ज्याचं सगळं गेलंय त्याला वेळ ही सगळ्यांत मोठी मदत असते, कारण पडीक रान पहिल्या वर्षी देतंच काय? हराळी आणि कुंदा काढण्यातच वर्ष जातं.

पण नुसतं थांबून भागत नाही, ही दुसरी बाजू शिवाजीमहाराजांच्या १६७६ च्या एका पत्रात सापडते. प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंताला लिहिलेलं हे पत्र कोकणातलं आहे, आपल्या भागातलं नाही, पण विचार इतका स्वच्छ आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. गावोगाव जा, कुळंबी गोळा कर, कुणाकडे माणूसबळ आहे, कुणाकडे बैल आहेत, कुणाकडे दाणा आहे ते बघ. माणूस आहे पण बैल आणि पोटाला दाणा नाही म्हणून जो अडलाय, त्याला बैलांसाठी रोख पैसा दे, खायला धान्य दे. वसूल करताना मुद्दल तेवढं घे, वाढीदिढी नको, आणि तेही त्याला तवाना आल्यावर हळूहळू. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असा त्याचा मतितार्थ. म्हणजे बियाण्याआधी पोटाचा विचार! उपाशी माणूस बियाणं खाऊन टाकतो, हे त्यांना माहीत होतं.

आता सव्वाशे वर्षं पुढे येऊ. ऑक्टोबर १८०२. यशवंतराव होळकरांच्या फौजेने बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि त्याच महिन्यात २५ तारखेला हडपसरला शिंदे-पेशव्यांचा धुव्वा उडाला. इतिहासात पुढची ओळ असते ती बाजीराव पळाला आणि वसईचा तह झाला ही. आपल्या गावांचं काय झालं? इंदापूर परगणा फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी धुऊन नेला. त्यावर १८०३-०४ चा दुष्काळ. कडबा नाही म्हणून बैल मेले, दाणा नाही म्हणून माणसं. उरलेली उठून गेली. पुन्हा बेचिराग.

पुढच्या वर्षांत पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी काढलेला उपाय पुन्हा तोच होता, इस्तावा कौल. या कौलावर आलेली पुष्कळशी मंडळी उपरी, म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारी. आज ‘आम्ही इथले मूळचे’ असं अभिमानाने सांगणाऱ्या कितीतरी घरांचा मूळपुरुष एखाद्या कौलावरच आलेला असेल. (आमच्या घरातल्यांनी हे मनावर घेऊ नये. :) )

आणि इथे गोष्ट वळण घेते. १८१८ ला इंग्रज आले. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी पुणे जिल्ह्याची मोजणी करायला लागला. हा हेलीबरीच्या कंपनी कॉलेजात शिकलेला, जिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवायचा. डोक्यात रिकार्डोचा सिद्धान्त पक्का. शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर हिशेब सुंदर होता. पण निव्वळ उत्पन्न ठरवायचं कसं? हाताखालच्या लोकांनी आकडे भरले, कुणाला पाजून, कुणाला दाबून. आणि नेमके तेव्हा धान्याचे भाव पडलेले. १८३० मध्ये हा सारा इंदापुराला लागू झाला. अजून धड सावरलेल्या नसलेल्या मुलखावर! वसुलीसाठी लोकांचा छळ झाला, रयत उठून मोगलाईत गेली. या वेळी ना होळकर होते ना पेंढारी, तरी जमिनी पडीक पडल्या.

मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. लढाईने जे केलं तेच एका शिकलेल्या माणसाच्या कोष्टकाने केलं, तेही शांततेच्या काळात.

मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करातला तरुण इंजिनिअर इंदापुरात आले. त्यांनी सिद्धान्त बाजूला ठेवला आणि जमीन पाहिली. काळी, तांबडी, बरड. मातीची खोली किती. अशा नऊ प्रती लावल्या. मागची वसुली आणि शेतकऱ्याची ऐपत बघून सारा बराच खाली आणला, आणि मुख्य म्हणजे तो ३० वर्षांसाठी बांधून टाकला. मध्ये तू विहीर खणलीस, ताल घातलीस तरी त्यापायी सारा वाढणार नाही. या पद्धतीची सुरुवात आपल्या इंदापूर तालुक्यात झाली आणि पुढे ती मुंबई इलाखाभर गेली. म्हणजे सातबाऱ्यावर ‘आकार’ वाचताना त्याची एक मुळी इंदापुरात आहे. पडीक जमिनी पुन्हा लागवडीला आल्या. नाव इस्तावा नव्हतं, पण तत्त्व ओळखीचं. थांबा, आणि पुढे काय मागणार ते आधी सांगा.

तीस वर्षं १८६६ ला संपली. आता काळ बघा. अमेरिकेत यादवी युद्ध झालं (१८६१ ते १८६५), त्यामुळे आपल्या कापसाला सोन्याचे भाव आले, हातात पैसा खेळला, सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागले. तिकडचं युद्ध संपलं आणि भाव उतरले. आणि फेरआकारणी आली ती याच उंचीवरचे भाव बघून. पहिला नंबर इंदापुरचा. सारा सरासरी निम्म्याहून जास्त वाढला, काहींचा दुप्पट. भीमथडीतही (आजचा बारामती तालुका त्यातच) तेच. भाव खाली, सारा वर, आणि मधली फट भरायला सावकार. १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली खरी, पण तोवर खतं लिहून झाली होती.

१२ मे १८७५. सुप्याला आजूबाजूच्या गावांतले लोक जमले. पेठेतल्या सावकारांच्या वह्या आणि खतं मागून घेतली आणि जाळली. धान्याची दुकानं लुटली. पुढे हे लोण शिरूर, इंदापूर, पुरंदर, नगर जिल्ह्यात श्रीगोंदा, पारनेर, कर्जत असं पसरलं. दख्खनचे दंगे म्हणून पुस्तकात एक परिच्छेद असतो तो हा. ९५१ जणांना पकडलं, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. बाहेरच्यांना आश्चर्य वाटलं ते याचं की एवढा राग असून खुनाखुनी जवळजवळ नाही. माणूस नको होता, कागद हवा होता.

आमच्या सासरच्या बाजूला ही गोष्ट सांगताना छाती फुगते. मलाही अभिमान वाटतो, पण त्याच वेळी दुसरंही दिसतं. खत जळालं, पण पुढच्या मिरगाला बी कुठून आणायचं हा प्रश्न जळाला नाही. आधी सरकार थांबायला तयार नव्हतं, आता सावकारही. आणि वर्षभरात, १८७६ मध्ये, पाऊस गेला. १८७६-७७ चा तो दुष्काळ. धान्याचं दुकान एक वर्ष आधी लुटलं गेलेलं, सावकार-कुणबी संबंध तुटलेला, आणि ज्याच्याकडे कशीबशी का होईना दाद मागायची तो माणूसही गेलेला. भांडण संपल्यावर कोण कुणाला पेरणीला उधार देणार, याची तजवीज कुणीच केलेली नव्हती.

सरकारने दुष्काळी कामं काढली. पण सर रिचर्ड टेंपल आले आणि मजुरी कापली. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढ्यात गडी माणसाने खडी फोडायची! लोकांनी चक्क संप केला, उपाशीपोटी. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली, गावोगावची खबर गोळा करून सरकारला आणि वर्तमानपत्रांना कळवली.

याच दुष्काळात कामाला सुरुवात झाली ती नीरा डाव्या कालव्याची. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी सुटलं आणि पुढे भाटघरचं धरण झालं. बारामती-इंदापुरची आजची जी हिरवी ओळख आहे, तिच्या तळाशी ही भुकेल्या माणसांची खोदाई आहे. पण सुप्याला काय मिळालं? कालवा नीरेच्या कडेकडेने गेला. ज्या गावात वह्या जळाल्या ते गाव उंचावर, कोरडंच राहिलं. आमच्या भागाला उपसा सिंचनाच्या पाण्याचं, जनाई-शिरसाईचं नाव ऐकायला शंभर वर्षं जावी लागली. टँकर आम्हाला नवा नाही. एकाच तालुक्यात एका अंगाला उसाचं पाणी आणि दुसऱ्या अंगाला प्यायच्या पाण्याची वाट, याची सवय झालीय आम्हाला. सवय व्हायला नको होती.

दंग्यांच्या चौकशीला कमिशन बसलं. बहुमताने दोष सावकारी कर्जाला दिला, साऱ्याला दिला नाही. ऑकलंड कॉल्विन या एकाच सभासदाने वेगळं टिपण लिहून साऱ्याकडे बोट दाखवलं. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, कोर्टाला खताच्या मागचा खरा व्यवहार तपासता येऊ लागला. चांगलंच झालं. पण सावकारांनी हात आखडते घेतले, काहींनी गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. १८८३ आणि १८८४ मध्ये तगाईचे कायदे आले तेव्हा कुठे सरकारला आठवलं की बी-बियाण्याला पैसा कुणीतरी द्यावा लागतो. महाराजांच्या पत्रानंतर दोनशे वर्षांनी!

हे सगळं वाचून झाल्यावर परत सुदान आणि युक्रेनच्या बातम्या वाचल्या. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ठराव केला, क्रमांक २४१७, की लोकांना उपाशी मारणं हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरणं निषेधार्ह आहे. छान आहे. युद्धग्रस्त भागांत जगाच्या अन्न व शेती संघटनेची माणसं बियाण्याच्या पिशव्या, अवजारं वाटतात, जनावरांना लसी टोचतात. हेही रामाजी अनंताला दिलेल्या हुकमाच्या जातीचंच काम. पण पोतं वाटल्याचा फोटो येतो. नंतरची पाच-सात वर्षं त्या शेतकऱ्याकडे कुणी काय मागितलं, कर्जाचा हप्ता कधी सुरू झाला, जमीन त्याच्या नावावर राहिली का, याचा फोटो येत नाही. सोन्याचा फाळ आपल्याला आठवतो आणि इस्तावा आठवत नाही, तसंच हे.

आता पंगतीनंतरच्या वादाबद्दल. सवलतीने शेतकरी बिघडतो का? माझ्यापुरतं उत्तर असं की प्रश्नच अर्धा आहे. आपल्या मुलखात जेव्हा जेव्हा शेतकरी उभा राहिला तेव्हा त्याला फुकट काही मिळालेलं नव्हतं. पोटाला दाणा, बैलाला पैसा, आणि किती वर्षांनी किती द्यायचं याचा पक्का शब्द मिळाला होता. तो शब्द पाळला तेव्हा त्याने सारा भरला. १८३० मध्ये त्याला सावरायच्या आत धरलं आणि तो गाव सोडून गेला. १८६७ मध्ये तो जरा उभा राहिला म्हणून दुप्पट मागितलं, आणि आठ वर्षांनी सुप्यात होळी पेटली. ऐन निवडणुकीत येणारी माफी आणि ऐन दुष्काळात येणारी जप्तीची नोटीस, दोन्हींत हा पक्का शब्द नसतो. पुढच्या वर्षी काय होणार हे माहीत नसलेला माणूस विहीर खणत नाही.

असो. बरंच लिहिलं. आता एक विनंती, खास करून इंदापूरकडच्या मंडळींना. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मोडीतले कागद असतील तर ते बंबात घालू नका. फोटो काढून पाठवा. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात ताडून बघता येतं. त्यात कुठे ‘कौलनामा’ किंवा ‘इस्तावा’ हे शब्द सापडले, तर आपल्याही घराण्याला कधीतरी कुणीतरी थांबून उभं राहू दिलं होतं, एवढं तरी कळेल. मग पुढच्या कार्यात पंगत उठल्यावर तो कागद मीच काढून दाखवीन.